चाळीस फुटांचं घर : गोव्याहून मालवण आणि परत

पुणे

समुद्रावर पाच दिवस राहून आले असं सांगितलं की पुण्यात हमखास विचारतात, "क्रूझ का? खाणंपिणं सगळं त्यातच असतं ना?" खाणंपिणं त्यातच होतं, पण बरंचसं जमिनीवर सांडलेलं. क्रूझ नव्हती. शिडाची बोट होती, चाळीस फूट लांब, आत माणसांना महिनोन्‌महिने राहता येईल अशी. आणि मी तिच्यावर गेले ती फिरायला नव्हे, कामाला.

मी लोकांची घरं आतून मांडून देते. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर माझं दोन टेबलांचं ऑफिस आहे. हिंजवडीला कंपन्या आल्या, औंध-बाणेरला इमारती उठल्या, आणि त्यांतल्या पोरांनी अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांचे फोटो दाखवायला सुरुवात केली, तेव्हापासून मला कामाची ददात नाही. मोकळं, रुंद, भिंती नसलेलं घर हा माझा हातखंडा. म्हणूनच केतकी आणि समीर माझ्याकडे आले.

दोघंही संगणकातले. बारा वर्षं अमेरिकेत काढून परतलेले. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी ठरवलं होतं की नोकऱ्या सोडून दोन वर्षं बोटीवर राहायचं, किनाऱ्या-किनाऱ्यानं दूरवर जायचं. गोव्याच्या एका कारखान्यात त्यांच्या बोटीचं बाहेरचं अंग तयार होतं. आत काहीच नव्हतं. बोट आखणाऱ्यानं आतल्या मांडणीचे दोन आराखडे दिले होते आणि त्यांतला एक निवडायचा होता.

पहिल्यात मधली खोली ऐसपैस होती. एका बाजूला सरळ ओटा, दुसऱ्या बाजूला गोलाकार बैठक, मध्ये नाचता येईल एवढी मोकळी जागा, आणि बोटीच्या पुढच्या टोकाला भला मोठा पलंग. दुसरा बघून मला पेठेतला बोळ आठवला. जिन्याच्या पायथ्याशी कोंबलेला, तीन बाजूंनी वेढलेला ओटा. मध्ये जमिनीत घट्ट बसवलेलं टेबल. त्याच्या दोन्ही बाजूंना सरळ, अरुंद बाकं. मी अर्थातच पहिल्याच्या प्रेमात पडले. समीरही. केतकी मात्र म्हणाली, "ताई, आमच्या मित्राची बोट आहे, अगदी याच मोकळ्या लेआउटची. तुम्ही आधी तिच्यावर राहून बघा. मग सांगा."

सोबत मी अण्णांना घेतलं. अण्णा म्हणजे माझे वडील. खडकीच्या कारखान्यात तोफगोळ्यांसाठी लाकडी पेट्या करणाऱ्या विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर माझ्या कामांवर येतात, आणि माझ्या सुतारांना त्यांची माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते. आई म्हणाली, "अडुसष्ट वर्षांच्या माणसाला समुद्रात कशाला नेतेस?" अण्णांनी तोवर बॅगेत टेप, पेन्सिल आणि दोन बनियनं भरली होती.

गोवा, नदीच्या मुखाशी

बोट पाहिली आणि मी शब्दशः तोंडात बोट घातलं. पांढरीशुभ्र, निमुळती, पाण्यावर नुसती टेकलेली. आत पाच पायऱ्या उतरून गेलं की अशी खोली, की औंधच्या फ्लॅटवाल्यांनी हेवा करावा. चकचकीत लाकडी जमीन, छताला काचेच्या खिडक्या, आठ माणसं सहज बसतील अशी बैठक. मी फोटो काढत सुटले.

अण्णा कडेकडेनं फिरले, कपाटांच्या कड्या उघडून-लावून पाहिल्या, ओट्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग खोलीच्या मधोमध उभे राहून दोन्ही हात वर केले. छताचा दांडा त्यांच्या बोटांपासून वीतभर उंच राहिला.

"धरायचं कशाला?" त्यांनी विचारलं.

समीर हसला. "काका, पडणार नाही तुम्ही. बोट मोठी आहे."

बोट हाकणारा होता बाबी तांडेल. मालवणचा, पन्नाशीचा, काळाभोर, कमरेला पंचा. वडिलांच्या मासेमारीच्या होडीवर वाढलेला आणि आता बोटवाल्यांच्या बोटी इकडून तिकडे पोहोचवणारा. आम्ही त्याला बाबीदादा म्हणत होतो. संध्याकाळी नदीत नांगर टाकून बसलो असताना त्यानं बांगड्याचं तिखलं आणि भात केला. आम्ही पाचही जण त्या गोल बैठकीवर पाय पसरून जेवलो. नदीचं पाणी हलतही नव्हतं. मी बाबीदादाला म्हटलं, "घर असावं तर असं."

त्यानं भाताचा घास तोंडात टाकला आणि म्हणाला, "ह्यां घर बंदरातलां आसा. दर्यातलां नाय."

मला वाटलं, जुनी माणसं असंच बोलायची.

वेंगुर्ल्यासमोर

पहाटे निघालो. तो प्रहर मी आयुष्यभर विसरणार नाही. जमिनीकडून हलका, थंड वारा येत होता. बाबीदादानं इंजिन बंद केलं, आणि एकाएकी फक्त पाणी कापल्याचा आवाज उरला, रेशमी कापड फाडावं तसा. उजव्या हाताला किनारा निळा, मग जांभळा, मग हिरवा होत गेला. अण्णा डोक्याला मफलर गुंडाळून एका कडेला बसले होते. "चौतीस वर्षं भोंग्यानं उठलो," ते म्हणाले. "असं उठायचं असतं हे माहीतच नव्हतं."

मी चहा करायला खाली गेले. तिथे मला शेगडी हलताना दिसली. दोन बाजूंना खिळीवर टांगलेली, बोटीबरोबर मागेपुढे झुलणारी. माझ्या धंद्यात हलणारी शेगडी म्हणजे बसवणाऱ्याची चूक. मी चार घड्यांचा नॅपकिन तिच्या फटीत ठोकून बसवला. शेगडी गप्प उभी राहिली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुपारी वारा फिरला. वायव्येकडून, म्हणजे आम्ही जात होतो तिकडूनच, सरळ तोंडावर आला. शिडाच्या बोटीला वाऱ्यावर थेट जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. बोट एका कुशीवर कलली ती कललीच. पुण्यात जिन्याची पायरी बोटभर वर-खाली झाली तरी लोक भांडायला येतात. इथे अख्खी जमीनच उतरण झाली होती. लाट आली की बोट वर जायची आणि धपकन खाली बसायची.

समीर पुढच्या टोकाच्या मोठ्या पलंगावर जाऊन झोपला होता. दहा मिनिटांत तो हिरवा पडलेला चेहरा घेऊन रांगत वर आला. "पलंग खाली जातो आणि मी वरच राहतो," म्हणाला आणि कठड्यावरून वाकला. मग माझी पाळी आली. बाबीदादा सुकाणूवरून ओरडला, "बाये, खाली बघू नको. थंय लांब बघ, जमिनीक!" मी लांब बघितलं. फार उपयोग झाला नाही.

केतकीला मात्र काही होत नव्हतं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काहीतरी गरम पोटात जाऊ दे, मी चहा टाकते." ती खाली गेली. मला नॅपकिनची आठवणच राहिली नाही. घट्ट बसलेली शेगडी बोटीबरोबर कलली, पातेलं घसरलं आणि सगळा चहा त्या चकचकीत जमिनीवर सांडला. केतकी थोडक्यात वाचली. ती पुसायला फडकं शोधत होती तेवढ्यात मी वरून म्हटलं, "अण्णा, जरा पाणी द्याल?"

एवढंच म्हटलं मी. अण्णा उठले आणि खाली उतरले. पाण्याची बाटली खोलीच्या कलून उंच झालेल्या बाजूला, बैठकीच्या उशांत खोचलेली होती. त्यांनी ती घेतली, वळले, आणि त्याच वेळी लाट आली. त्यांचा पाय चहावर पडला. मध्ये सहा फूट मोकळी जागा. ना टेबल, ना खांब, ना हाताला येईल असा दांडा. मी वरून पाहत होते. ते त्या उतरणीवरून घसरत गेले आणि ओट्याच्या कोपऱ्यावर बरगडीनं आदळले.

ते नुसते खाली बसले आणि श्वास घ्यायचा प्रयत्न करत राहिले. बाबीदादानं केतकीला वर बोलावून सुकाणू दिलं, दोन ढांगांत खाली गेला, अण्णांना उचलून तिथेच जमिनीवर उशा रचून आडवं केलं. मालवणचं बंदर येईपर्यंत मी त्यांच्या डोक्याशी बसून होते. माझी मळमळ कुठे गेली कळलंच नाही.

मालवण

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. पट्टा बांधून दिला आणि दोन दिवस पडून राहायला सांगितलं. बंदराजवळच्या एका घरात आम्हांला खोल्या मिळाल्या. घरमालकीण काकूंनी अण्णांची चौकशी केली ती पुण्याच्या मानानं जरा धक्कादायकच. नाव, गाव विचारायच्या आधी पेजेचं ताट पुढे. आमच्याकडे पाहुणा दारात उभा असताना "जेवूनच आला असाल" असं म्हणायची पद्धत. इथे तिसऱ्यांदा नको म्हटलं तर काकू रागावत होत्या. कांदळवनाकाठच्या त्या घरातली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, आणि फणसाच्या सावलीत प्यायलेली सोलकढी यांच्याविषयी मी पानंच्या पानं लिहू शकेन. पण तेव्हा मी अण्णांचे श्वास मोजत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांना म्हटलं, "परत बसनं जायचं. मी तिकिटं काढते."

"आणि आराखडा?"

"देईन काहीतरी."

"काहीतरी देशील," अण्णा म्हणाले. छातीवर हात ठेवून ते सावकाश बोलत होते. "मला सांग, मी पडलो का?"

माझे डोळे भरून आले. "माझ्यामुळे. मी शेगडीत नॅपकिन ठोकला, मी पाणी मागितलं."

"वेडी आहेस. चहा कुणाच्याही हातून सांडतो. पण सांडल्यावर माणूस सहा फूट लांब जाऊन आपटतो, ती जागेची चूक. आमच्या पेटीत गोळा असा सुटा ठेवला असता तर ट्रकबरोबर मीही उडालो असतो. पेटी कितीही आपटू दे, आतली वस्तू हलता कामा नये. चारी बाजूंनी टेकू पाहिजे. ही बोट म्हणजे मोठी पेटी आहे आणि हिच्यात माणसाला टेकूच नाही."

पंचवीस वर्षं मी लोकांच्या घरांतले टेकू काढून टाकत आले होते.

त्या दिवशी माघी पौर्णिमा होती. एरवी अण्णा विहारात गेले असते. माडांमागून चंद्र उगवला तेव्हा त्यांनी उठून ओटीवर बसवायला सांगितलं, डोळे मिटून वंदना म्हटली. काकू उंबऱ्यात हात जोडून उभ्या राहिल्या. संपल्यावर त्यांनी इतकंच विचारलं, "आता जेवतलास मा?"

सकाळी उठून अण्णांनी पडल्या पडल्या यादी केली. बाबीदादा आणि मी बाजारात गेलो. सहा बांबू, मंडपवाल्याकडून जाड कापड, नायलॉनची दोरी. अट एकच. "दुसऱ्याची बोट आहे. एकही भोक पाडायचं नाही." अण्णा खुर्चीवर बसून सांगत गेले आणि बाबीदादानं गाठी मारल्या. त्या गाठी पाहत राहाव्यात अशा होत्या. ओढलं की आवळतात, मोकळं करायचं म्हटलं की एका झटक्यात सुटतात. जिन्यापासून पुढपर्यंत कमरेच्या उंचीवर बांबूचा कठडा झाला. ओट्यासमोर कमरेमागून जाणारा पट्टा झाला, त्यात टेकून उभं राहायचं. बोटीच्या मध्यावर, त्या गोल बैठकीच्या एका सरळ भागाच्या मोकळ्या कडेला जाड कापड उभं ताणून छताच्या दांड्याला बांधलं, झोपणारा बाहेर पडू नये म्हणून. आणि शेगडीतला नॅपकिन मी माझ्या हातानं काढला.

डॉक्टरांनी शेवटचं तपासलं. "बोटीनं जाऊ नका असं मी सांगेन," ते म्हणाले, "आणि तुम्ही जाणार असं दिसतंय. मग निदान झोपून जा."

"झोपायचीच चाचणी आहे," अण्णा म्हणाले.

परत

परतताना वारा मागून होता. बोट आता कलत नव्हती, झुलत होती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दिवसभर, न थकता. पण माझा हात बांबूवर होता. एक सोडला की दुसरा धरता येत होता. मी पट्ट्यात पाठ टेकवली, दोन्ही हात मोकळे झाले, आणि मी खिचडी टाकली. शेगडी झुलत राहिली आणि पातेलं तिच्यात सपाट राहिलं. बोट डोलत होती. खिचडी जागची हलली नाही. ती शेगडी ज्या कुणा माणसानं पहिल्यांदा टांगली असेल त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. इतकी वर्षं या धंद्यात राहून इतकी साधी आणि इतकी शहाणी वस्तू मी पाहिली नव्हती.

अण्णा कापडामागे झोपले. लाट आली की कापड फुगायचं आणि पुन्हा त्यांना जागेवर आणायचं. समीर पुढच्या पलंगाकडे फिरकलाच नाही. तो बैठकीच्या दुसऱ्या टोकाला बसून अण्णांकडे बघत होता. जरा वेळानं म्हणाला, "इथे हलतं कमी, नाही?"

"बोटीचा मध्य ना तो," केतकी म्हणाली. "टोकं जास्त नाचतात. मी हे वाचलं होतं. तुला सांगितलंही होतं."

"सांगितलं असशील," समीर म्हणाला.

संध्याकाळी गोव्याच्या नदीत शिरताना बाबीदादानं शीड उतरवलं. निरोप घेताना अण्णांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "या गाठी मला शिकवायला खडकीला ये," म्हणाले. बाबीदादा लाजला. "माका पुण्याक बोट घेवन येवक जमाचा नाय," म्हणाला.

खडकी

मला वाटलं होतं, निर्णय झाला. पण पुण्यात आल्यावर समीर पुन्हा डळमळला. जमीन पायाखाली आली की पोटाला विसर पडतो. "त्या बोटीला बांबू बांधून काम झालंच ना," म्हणाला. "मग आपण मोकळा लेआउट घेऊ आणि दांडे बसवू. लोक बोटीवर येणार, आत आले की बोळ? आयुष्यभराची कमाई आहे ताई."

त्याचंही खोटं नव्हतं. मी त्याला कागदावर समजावत राहिले. तीन बाजूंचा ओटा म्हणजे कुठल्याही कुशीवर कमरेला आधार. मधलं टेबल म्हणजे पडण्याआधी हात टेकायची जागा. संडास जिन्याशी म्हणजे वरून भिजून आलं की ओले कपडे तिथेच उतरतात. त्याला पटत होतं आणि नव्हतंही.

अण्णा म्हणाले, "कागद बाजूला ठेव. बांधू."

आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत आम्ही अरुंद आराखड्याचा मधला भाग जुन्या प्लायवूडचा उभा केला, खऱ्या मापाचा. ओटा, त्यात टांगलेली शेगडी, टेबल, एक बाक, बाकाला कापड. मग अण्णांनी शेजारच्या गॅरेजमधून ट्रकचे दोन जॅक आणले आणि सगळं एका बाजूनं उचललं, मालवणच्या वाटेवर बोट कलली होती तेवढं. रविवारची दुपार होती. अर्धी गल्ली जमली. एक निवृत्त शेजारी बराच वेळ बघून म्हणाले, "छान. पण आमच्या सोसायटीचं काम या कंत्राटदाराला देऊ नका."

केतकी त्या कलत्या ओट्यात शिरली. एका कडेला कंबर टेकली, दुसऱ्या कडेला पाय रोवला, आणि टांगलेल्या शेगडीवर सहा कप चहा करून गाळला. थेंब सांडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समीरनंही वाजवल्या, पण बाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "चहा ठीक आहे. पण यावर रोज झोपायचं? दोन फुटांच्या फळीवर?"

आई इतका वेळ दारात उभी होती. बरगडीची हकिकत तिला आमच्या तोंडून नव्हे, पट्टा धुवायला टाकला तेव्हा कळली होती, आणि आठ दिवस ती आमच्या दोघांशी मोजकंच बोलत होती. ती पुढे आली. "बघू तरी," म्हणाली, "यांना कशात झोपवून आणलंत ते." चपला काढून ती बाकावर चढली, कापडाच्या आत आडवी झाली, पदर नीट केला. दुपारी आडवं होणं आईला माहीत नाही. रात्रीही ती तीनदा उठून दाराची कडी बघते.

"घसरतंय का?" अण्णांनी विचारलं.

"नाही. कापड धरतंय." मग जरा थांबून, "बरं वाटतंय."

आम्ही चहा प्यायलो. लोक पांगले. केतकी आणि मी ओट्याच्या उंचीवरून बोलत होतो, तेवढ्यात अण्णांनी बोट ओठांवर ठेवलं. आईचा श्वास एका लयीत चालला होता. तोंड किंचित उघडं, एक हात कापडावर सैल पडलेला. कललेल्या फळीवर, भर दुपारी, गल्लीतल्या स्कूटरच्या आवाजात ती गाढ झोपली होती.

अण्णा तिच्याकडे बघत उभे राहिले. जॅक उतरवायचे होते, पण त्यांना हात लावायला कुणी धजेना. समीर हलक्या पावलांनी बाकापाशी गेला. आईच्या पायाशी कापडाची एक गाठ सैल झाली होती. त्यानं गुडघ्यावर बसून ती सोडली, कापड ताणलं आणि आवाज न करता पुन्हा घट्ट बांधली. मग वळून माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "अशी दोन बाकं बसतील ना, ताई? समोरासमोर?"